मॅच चालू, हात कोरडे : रात्रभराच्या गेमिंगसाठी खाण्याची तयारी

शनिवारी रात्री नाशिकला आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर चौघं जमतो. दोन पीसी, दोन मोबाइल, एक पंखा. मागच्या महिन्यात पाचवा आला, नुकताच इंजिनिअरिंगला लागलेला, मालेगावकडचा. येताना दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, मसाला वेफर्सची चार पाकिटं आणि एनर्जी ड्रिंकचे दोन डबे घेऊन आला. एक वाजेपर्यंत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. अडीचला गडी पोट धरून खुर्चीत मान टाकून बसला होता आणि माझ्या पांढऱ्या माउसवर त्याच्या बोटांचे लाल ठसे उमटले होते. तीन वर्षांपूर्वी मी डिट्टो असाच होतो, त्यामुळे त्याला काही बोललो नाही. त्याऐवजी हे लिहून काढतोय. नव्याने लांब बसायला लागलेल्या सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. गेमिंगचं खाणं जिभेला विचारून ठरवायचं नसतं, हाताला विचारून ठरवायचं असतं. मी तीन प्रश्न विचारतो. एका हाताने खाता येतं का? खाल्ल्यावर बोटं कोरडी राहतात का? अर्ध्या मिनिटात तोंड मोकळं होतं का? तिन्हींना ‘हो’ असेल तरच ती गोष्ट टेबलावर. मग पोषण बघायचं, आणि गंमत म्हणजे या चाळणीतून जे उरतं ते बहुतेक आपल्या आजीच्या डब्यातलंच असतं.

१. तुमच्या गेममध्ये खायला वेळ कुठे आहे ते शोधा

हे कुणी सांगत नाही. सगळे पदार्थांची यादी देतात, पण खायचं कधी?

व्हॅलोरंट, म्हणजे पीसीवरचा टीमने खेळायचा बंदुकांचा गेम. त्याची साधी मॅच तीस-चाळीस मिनिटं चालते. प्रत्येक राउंडच्या आधी बंदुका विकत घ्यायला ३० सेकंद मिळतात. त्यात खरेदीला दहा सेकंद गेले तर वीस उरतात, म्हणजे दोन घोट पाणी आणि एक छोटा लाडू. बारा राउंडनंतर बाजू बदलतात, तेव्हा जरा जास्त सवड असते. बीजीएमआयमध्ये (मोबाइलवरचा, विमानातून उतरून शेवटपर्यंत जिवंत राहायचा गेम) विमानात बसल्यापासून उडी मारेपर्यंत हात रिकामा असतो. त्यानंतर थेट मेल्यावर. आमच्यातला एक जण नेहमी पहिला मरतो, त्यामुळे त्याचं खाणं सगळ्यात व्यवस्थित होतं. एकट्याने खेळायचा स्टोरीवाला गेम असेल तर पॉज दाबा आणि माणसासारखं ताटात जेवा, या लेखाची तुम्हाला गरज नाही.

अजून एक. कुरकुरीत खाताना आवाज आपल्याच कवटीत घुमतो. वेफर्स चावत असताना मागून येणाऱ्याची पावलं ऐकू येत नाहीत. आणि माइक चालू असेल तर टीममधल्या तिघांनाही तुमचं चर्वण ऐकावं लागतं. म्हणून चिवडा दोन मॅचच्या मधल्या वेळात, आणि मॅच चालू असताना मऊ खाणं.

२. बसण्याआधी जेवून घ्या

खाऊ हे जेवण नाही. नवखे लोक इथेच फसतात. संध्याकाळी वडापाव खाऊन दहाला बसतात आणि मग बाराला जे दिसेल ते पोटात ढकलतात.

आम्ही साडेआठला जेवतो. भाकरी किंवा पोळी, एखादी उसळ किंवा डाळ, कोशिंबीर, भात थोडा. नुसता भात चोपला की अकराला डोळे मिटायला लागतात, हा माझा कायमचा अनुभव. उसळ असली की पोट जास्त वेळ धरून राहतं, कारण कडधान्यातली प्रथिनं आणि चोथा सावकाश पचतात. त्या दिवशी तिखट कमी ठेवा. ठेचा कितीही आवडत असला तरी ठेच्याचा हात डोळ्याला लागला की पुढच्या दोन मॅच गेल्याच समजा.

३. लागणारं सामान

एकदाच जमवायचं, मग वर्षभर बघावं लागत नाही.

- घट्ट झाकणाचे तीन छोटे डबे, शक्यतो स्टीलचे. प्लॅस्टिकच्या डब्यात चिवड्याचा वास मुरतो आणि मग लाडवालाही येतो.
- प्रत्येकाची स्वतःची झाकणवाली पाण्याची बाटली. पेला नाही. पेला म्हणजे सांडणारच.
- एक ओला आणि एक कोरडा सुती रुमाल.
- लांब दांड्याचा चमचा. चिवडा चमच्याने थेट तोंडात टाकायचा. चायनीजबरोबर आलेल्या काड्या वापरता येत असतील तर वेफर्ससाठी त्या उत्तम.
- बटर पेपर, पोळीचे रोल गुंडाळायला.
- चहाचा थर्मास.
- कचऱ्यासाठी एक पिशवी, टेबलाच्या पायाला बांधलेली.

खाण्याची जागा कीबोर्डच्या उजवीकडे नको, माउसचा हात तिथे फिरत असतो. डावीकडे, शक्य असेल तर वेगळ्या स्टुलावर आणि टेबलाच्या पातळीपेक्षा खाली. म्हणजे सांडलं तरी फरशीवर सांडेल.

४. खरेदी

ऑनलाइन ‘हेल्दी स्नॅक’ नावाने जी पाकिटं मिळतात त्यांच्या मागचं बारीक अक्षर वाचा. साखर किंवा ग्लुकोज सिरप पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ती गोळ्या-बिस्किटंच, फक्त पाकीट हिरवं. नाशिकमध्ये राहून ती घेण्याची गरजही नाही.

शेंगदाणे, फुटाणे, डाळं, खजूर हे सगळं रविवार कारंजा आणि मेन रोडकडच्या किराणा दुकानांत सुटं मिळतं. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो, तिथे फिरताना कडधान्यं आणि हंगामातली फळं बघून ठेवा. नागली (पुण्या-मुंबईचे लोक नाचणी म्हणतात, तीच) पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातली घ्या. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात ते साधारण एकशेवीस. रात्रभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या हाडांना कुणीतरी वाली पाहिजे.

आणि जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावचा माल दारात येतो आणि आपण फ्रिजमध्ये कोल्ड्रिंक भरून ठेवतो, याला काय म्हणावं! द्राक्षं मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची, देठ काढायचे, कापडावर पूर्ण कोरडी करायची आणि डब्यात पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये. दगडासारखी कडक होतात. बाहेर काढून पाच मिनिटांनी खाल्ली तर आत कुल्फीसारखी लागतात. हात ओला होत नाही, एक द्राक्ष गालात धरलं की अख्खा राउंड पुरतं. कोरडी करायला आळस केलात तर सगळ्यांचा मिळून एकच गोळा होईल आणि लाटण्याने फोडावा लागेल. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाती ही देऊ नका, घशात अडकतात.

बेदाणेही चांगले, पण चिकट. दहा-बारा पुरे, आणि वर पाण्याचा घोट घ्या, नाहीतर दातांत बसून राहतात.

५. तीन डबे

पहिला डबा चिवड्याचा. नाशिकचा चिवडा प्रसिद्धच आहे, कोंडाजीचं पाकीट पाहुण्यांना बांधून देण्याची पद्धत घराघरांत आहे. तो खावाच, पण तळलेला आणि मसाल्याचा चिवडा कीबोर्डशेजारी नको. घरी भाजका करा.

२०० ग्रॅम मुरमुरे कढईत मंद आचेवर, तेल न घालता, सात-आठ मिनिटं परता. बोटात धरून दाबल्यावर ‘टक’ आवाज आला पाहिजे. पावसाळ्यात हे दुप्पट वेळ घेतं, कंटाळू नका. ते बाजूला काढा. त्याच कढईत दोन चमचे तेल, मोहरी, भरपूर कढीपत्ता. कढीपत्ता कुडकुडीत होईपर्यंत थांबायचं, मऊ राहिला तर दुसऱ्या दिवशी सगळा चिवडा मऊ पडतो. मग १०० ग्रॅम शेंगदाणे, ते खमंग झाले की १०० ग्रॅम डाळं, थोडं जिरं, मीठ, शेवटी मुरमुरे.

आता महत्त्वाचं : हळद घालू नका, तिखट घालू नका, पिठीसाखर घालू नका. माझी आई फोनवर म्हणाली, ‘‘अरे, मग तो चिवडा कसला? आजाऱ्याचं खाणं वाटतंय.’’ बरोबर आहे तिचं. पण तेलातली हळद बोटाला लागते, बोटावरून माउसला लागते आणि पांढऱ्या प्लॅस्टिकवरून ती जात नाही. माझ्या माउसच्या डाव्या बटणावर पिवळा डाग अजून आहे, तो पहिल्या चिवड्याचा. तिखटाची हौस हिरवी मिरची फोडणीत घालून भागवा, मिरच्या नंतर वेचून काढा.

मूठभर शेंगदाण्यांत, म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास, सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. फुटाण्यांत जरा कमी, पण तेलही बरंच कमी. शेंगदाण्याच्या एका मुठीत दीडशेच्या वर कॅलरी असतात हेही लक्षात ठेवा. गेमच्या नादात डबा कधी संपला हे कळत नाही, म्हणून मोठा डबा जवळ ठेवायचाच नाही. माणशी एक वाटी भरायची, बाकीचा स्वयंपाकघरात. उठून आणायचा कंटाळा हा आपला सगळ्यात प्रामाणिक डाएटिशियन.

दुसरा डबा लाडवांचा. नागलीचं पीठ थोड्या तुपावर खमंग भाजा, कच्चा वास गेला पाहिजे. त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि बिया काढून मिक्सरमधून फिरवलेला खजूर. पीठ, कूट आणि खजूर वाटीने सारखेच. गूळ किंवा साखर लागत नाही. लाडू सुपारीएवढाच वळायचा. लाडू म्हटलं की हात आपोआप दिवाळीच्या मापाला जातो, पण मोठा लाडू दोनदा चावावा लागतो आणि दुसऱ्या चाव्याला फुटतो. फुटलेल्या लाडवाचा भुगा स्पेसबारच्या खाली जातो. एका घासाचा लाडू, तोंडात गेला की विषय संपला.

तिसरा डबा ‘खऱ्या भुकेचा’, रात्री एकसाठी. यात पोळीचे रोल. पोळीवर घट्ट, कोरडी भाजी किंवा बारीक चिरलेलं उकडलेलं अंडं नाहीतर पनीर, वर मिरपूड. रस्सा नाही, चटणी अगदी पुसटशी. पोळी घट्ट गुंडाळून अर्धी बटर पेपरमध्ये लपेटायची, पेपर खाली दुमडून टोक बंद करायचं. हात पेपरला, तोंड पोळीला. दशम्या केल्या तर आणखी छान, दुधात भिजवलेल्या असल्यामुळे सकाळपर्यंत मऊ राहतात. अंडी खाणाऱ्यांनी दोन उकडून सोलून ठेवावीत, एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पण त्यांना वास येतो, खोली बंद असेल तर आधी बाकीच्यांना विचारा. मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ चमच्याने खाता येते, लिंबू मात्र आधीच पिळून ठेवा.

आणि केळं. त्याला डबा लागत नाही, चमचा लागत नाही, स्वतःचं वेष्टन घेऊनच येतं.

६. पाणी, चहा आणि ते डबे

आमच्यातल्या एकाला एक वाजला की डोकं दुखायचं. त्याला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. नीट बघितल्यावर कळलं की बाबाने नऊपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण ‘मध्येच बाथरूमला जावं लागतं’. आता आमचा नियम असा की प्रत्येक मॅच संपली की उठायचं, पाणी प्यायचं, गॅलरीपर्यंत जाऊन यायचं. पायही मोकळे होतात.

चहा थर्मासमध्ये, पण रात्री बारापर्यंतच. कॅफिन प्यायल्यावर पाच-एक तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं शरीरात असतं. दोनला घेतलेला चहा सकाळी सातला झोपू देत नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोटं आखडवते, तेव्हा बारानंतर गवती चहा आणि आलं उकळून, चहापत्ती न घालता. मग हाताला ऊब पाहिजे असते, कॅफिन नाही.

एनर्जी ड्रिंकबद्दल दोन आकडे. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा पेयांत लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या डब्यात ७५ पर्यंत. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये आणि लहान मुलांसाठी, गरोदर बायकांसाठी नाही, हे डब्यावरच छापलेलं असतं. त्यात साखर घातलेल्या ड्रिंकच्या डब्यांत शंभर मिलीला अकरा ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे एका डब्यात सहा-सात चमचे. पहिला अर्धा-पाऊण तास तुम्ही वाघ असता, मग साखर उतरते आणि मालेगावचा गडी होतो. मी बंदी घालत नाही. एक घ्या, रात्री दहाच्या आत घ्या, आणि रिकाम्या पोटी घेऊ नका. आम्ही आता ताक ठेवतो, पातळ, जिरं-मीठ घातलेलं, बाटलीत. पोट शांत राहतं.

७. दोन खड्डे ज्यांत मी पडलोय

पहिला मिसळीचा. एका रविवारी सकाळी अकराला आम्ही बसलो आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की मिसळ पार्सल आणू, खेळता खेळता खाऊ. तर्रीची पिशवी वेगळी होती. मी ती डाव्या हाताने धरून दाताने गाठ सोडायला गेलो, कारण उजवा हात माउसवर होता. गाठ सुटली नाही, पिशवीच फाटली. लाल तर्री आधी ‘डब्ल्यू’वर पडली, मग ‘ए’, ‘एस’, ‘डी’वर, अगदी चालायची चारही बटणं शोधून. मी कीबोर्ड उलटा केला, ओल्या फडक्याने पुसला, दोन दिवस उन्हात ठेवला. तो सुरू झाला, पण ‘डब्ल्यू’ दाबलं की तेलामुळे अडकून राहायचं आणि माझा माणूस आपोआप पुढे चालत शत्रूच्या घरात जायचा. नवा घ्यावा लागला. सांडलंच तर आधी वायर काढा, मग पुसा, मी उलटं केलं होतं.

मिसळ ही बसून, दोन्ही हात लावून खायची गोष्ट आहे. पहाटे सेशन संपल्यावर थोडं झोपून गंगापूर रोडला जा आणि खा.

दुसरा खड्डा मध्यरात्रीच्या ऑर्डरचा. मोबाइलवर खेळत असाल तर हा जास्त खोल. ऑर्डर दिली पाऊण वाजता, ‘पंचवीस मिनिटं’ दाखवत होतं. मैदान आक्रसत शेवटी उरतं त्या छोट्या वर्तुळात आम्ही दोघं जिवंत, समोर एकच टीम, आणि स्क्रीनवर फोन आला. डिलिव्हरीवाल्या दादाला वॉचमन गेटमधून सोडत नव्हता. त्याचा काय दोष! फोन उचलला तर गेम मागे गेला, परत आलो तेव्हा मी मेलो होतो. खाली जाऊन आणलेली भेळ शेवेसकट लगदा झाली होती. तेव्हापासून मागवायचंच झालं तर जेवणाच्या वेळी, आणि फोन नंबर अशा मित्राचा, जो पीसीवर खेळतो.

मधुमेह किंवा पित्ताचा जुना त्रास असेल तर खजूर, द्राक्षं, चहा यांचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. माझ्या वाटीचं माप तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

८. आमचं वेळापत्रक

साडेआठला जेवण. दहाला सुरुवात. साडेअकराच्या ब्रेकला चिवड्याची वाटी आणि चहा, म्हणजे चहा बाराच्या मुदतीत बसतो. मधल्या राउंडांना लाडू, माणशी तीन. एकला पोळीचा रोल, सगळ्यांनी एकत्र, हेडफोन काढून. दीडनंतर फक्त द्राक्षं किंवा केळं आणि पाणी. तीनला बंद. तीननंतर लागणारी भूक बहुतेक वेळा झोपच असते, तिला खाऊ घालून काही होत नाही.

एकादशी असेल आणि कुणी धरत असेल तर राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे ठेवा. साबुदाण्याची खिचडी नको. हात तुपकट आणि डोळे जड.

९. उठताना आवराआवर

कितीही झोप आली तरी पाच मिनिटं द्या. खजूर आणि मुंग्या यांचं नातं जुनं आहे, सकाळपर्यंत रांग थेट सीपीयूच्या जाळीपर्यंत पोचते. कीबोर्ड उलटा करून हलक्या हाताने थापटा, टेबल ओल्या रुमालाने पुसा, कचऱ्याची पिशवी गाठ मारून दाराबाहेर.

डबे मात्र धुऊन ठेवा. आमचा लाडवांचा डबा समोरच्या काकूंचा आहे. पहिल्यांदा लाडू त्यांनीच करून दिले होते, नागली भाजायचं मापही त्यांचंच. डबा रिकामा परत द्यायचा नाही एवढं आम्हालाही कळतं, म्हणून मागच्या वेळी त्यात गोठवलेली द्राक्षं भरून दिली. काकूंनी झाकण उघडलं, एक द्राक्ष दाबून बघितलं आणि विचारलं, ‘‘का रे, खराब झाली म्हणून देताय का?’’